लिंबाखाली उभे राहणारे दाजी

दाजी, तुम्हाला घेऊन जीप वेशीत आली तेव्हा तुमचा फ्लेक्स आधीच लागलेला होता. सांगलीच्या दवाखान्यातून तुम्हाला ताब्यात मिळवायला आम्हाला दुपार झाली, आणि तेवढ्यात गावानं तुम्हाला छापूनसुद्धा आणलं. अक्का पुढच्या सीटवर डोळे मिटून बसली होती, तिला काही दिसलं नाही. मला दिसलं. मी ड्रायव्हरला जीप थांबवायला लावली, खाली उतरलो आणि रस्त्यात उभं राहून तो फ्लेक्स पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला.

'भारतीय नौदलाचे वीर सुपुत्र कै. नेस्तोरराव', आणि पुढं आमचं आडनाव. मधोमध तुमचा फोटो. म्हणजे तोंड तेवढं तुमचं, माझ्या मुलीच्या लग्नातलं. गळ्याखाली कुणा भलत्याच अधिकाऱ्याचा पांढरा गणवेश आणि छातीवर पदकांची रांग. मागं युद्धनौका, तिच्यावर तिरंगा. वरच्या बाजूला पुढाऱ्यांचे चेहरे, सगळ्यांत मोठा शंकरनानांचा, तुमच्याहून मोठा. खाली 'शोकाकुल, समस्त ग्रामस्थ'.

आधी मला हसूच आलं, खोटं कशाला बोलू. नेस्तोरराव! तुम्ही असता तर पोट धरून हसला असता आणि घरी येऊन अक्काला म्हणाला असता, सुमन, मला राव म्हण. मग जीपकडं वळलो, मागच्या बाजूला चादरीखालून तुमची पावलं दिसली, आणि डोक्यात तिडीक गेली. ती अजून उतरलेली नाही. हे लिहितोय ते त्याच तिरमिरीत लिहितोय, तेव्हा गोड काही वाचायला मिळेल ही आशा सोडा.

तुम्ही भारतीय नौदलात एक दिवसही नव्हतात. तुम्ही फिलिपिन्सचे, समुद्रातल्या एका बेटावर जन्मलेले. तुमच्या देशाच्या नौदलात तुम्ही स्वयंपाकी होता. खलाशांना भात शिजवून घालायचात, मासे तळायचात, वादळ असलं तरी वेळेवर ताटं द्यायचात. हे तुम्ही कुणापासून लपवलं नाही. कुणी बंदुकीचं विचारलं की तुम्ही दोन्ही हात पुढं करून पातेल्यात भलामोठा डाव फिरवल्यासारखं करायचात आणि म्हणायचात, "माझी बंदूक लाकडाची हुती रं." तुमच्या तोंडून आमची भाषा ऐकून नवखा माणूस दचकायचा. आम्हाला त्यात नवल वाटेनासं झालं होतं. तुम्ही मराठी शिकलात ती माझ्या बापाच्या, आप्पांच्या उशाशी बसून, म्हणजे ती तशीच येणार.

आप्पांचीच गोष्ट घ्या. अक्का मिरजेला नर्सिंग शिकून आखातातल्या दवाखान्यात गेली. नौदल सोडून तुम्ही तिथल्याच भटारखान्यात लागला होता. लग्न केल्याचं तिनं फोनवर कळवलं आणि आप्पांनी घरात तिचं नाव घ्यायची बंदी केली. मेंढरामागं आयुष्य गेलेला माणूस तो, पुढं शेती आली तरी स्वभाव रानातलाच राहिला. पण त्यांचं उजवं अंग गेलं तेव्हा मी सीमेवर होतो, आई आधीच गेली होती, आणि बॅगा घेऊन दारात आलात ते तुम्ही दोघं. मी रजा काढून पोचलो तर काय बघतो, तुम्ही खाटेपाशी गुडघ्यावर बसलाय, आप्पांचा तो लुळा उजवा हात उचललाय आणि आपल्या कपाळाला लावताय.

"ह्यो काय करतूया?" आप्पांनी भिंतीकडं बघत विचारलं. जावयाशी ते थेट बोलत नव्हते.

"तुमच्या पाया पडतूय," अक्का म्हणाली. "त्यंच्यात असंच पडत्यात."

आप्पांनी मान वळवून आपल्या लुळ्या हाताकडं बघितलं. मग म्हणाले, "मग रोज पड म्हनावं. त्या हाताला कायतरी काम हुईल."

आणि तुम्ही ते रोज केलंत, आप्पा जाईपर्यंत. त्यांना उचलणं, आंघोळ घालणं, भरवणं, सगळं. पोटच्या पोराला, म्हणजे मला, ते करता आलं नाही. मी देशसेवा करत होतो आणि त्याबद्दल गाव मला मान देत होतं. तुम्हाला गाव म्हणत होतं घरजावई.

तुम्ही आलात ते तरी कुठल्या मुलखात? सारा जन्म पाण्यावर काढलेला माणूस, आणि उतरला आमच्या जत तालुक्यात, जिथं पाणी चाकांवर येतं. टँकर आला की पाईप तुमच्या हातात. कुणी तुम्हाला ते काम दिलं नव्हतं, पण तुम्ही धरलात की बाया भांडत नसत. बायांना घागर काठोकाठ हवी असायची आणि तुम्ही चार बोटं राखून पाईप काढायचात. भरलेलं भांडं जहाजावर हिंदकळतं, ती तुमची सवय. "आवं दाजी, वाडी हालत न्हाई, भरा की," अशी थट्टा चालायची. चुलीवरच्या पातेल्याला तुम्ही तारेचा कठडा करून घेतला होता, पातेलं घसरू नये म्हणून. चूल कुठं जाणार होती घसरून? पण अक्कानं तो कठडा आजतागायत काढलेला नाही.

हो म्हणायला तुम्ही तोंड उघडायचा नाहीत, भुवया उडवायचात. दिशा दाखवायला बोट नाही, ओठ पुढं करायचात. तुमच्याकडची ती रीतच. पहिल्याच महिन्यात दोघा-तिघांच्या बायका घरी तक्रार घेऊन गेल्या आणि त्यांचे नवरे काठ्या घेऊन आप्पांच्या अंगणात आले. आप्पा खाटेवरून ओरडले, "त्याच्या मुलखात त्येला व्हय म्हनत्यात, जावा घरला." सगळा गाव वर्षभर एकमेकांना भुवया उडवून व्हय म्हणत होता. टँकरचा ड्रायव्हर सीमेपलीकडचा, त्याच्याकडून तुम्ही कानडीही उचललीत. दारात कुणी आलं की "बर्री, कूडरी" म्हणून त्याला बसायला पाट द्यायचात. येणाऱ्या-जाणाऱ्याला बसवत होता तुम्ही, दाजी. आणि तुम्हाला?

आता त्या खुर्चीचं बोलतो. तिच्यावरून आपलं भांडण होतं आणि ते अर्धवट टाकून तुम्ही गेलाय.

आमच्या वाडीत घरटी एक नसला तरी गल्लीला दोन फौजी आहेत. पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला शाळेच्या पटांगणात माजी सैनिकांची वेगळी रांग असते. पुढच्या खुर्च्या, गुलाबाचं फूल, टॉवेल-टोपी. तुम्ही आलात त्या वर्षी हेडमास्तरांनी तुम्हालाही बोलावलं. तुम्ही तुमचा जुना गणवेश कडक इस्त्री करून घातलात आणि येऊन बसलात. मी तिथं नव्हतो, पण मला हे इतक्या जणांनी सांगितलंय की मी असल्यासारखंच आठवतं. शंकरनाना, आपले रिटायर हवालदार आणि त्या वेळचे सरपंच, माईकसमोर उभं राहून म्हणाले, "ह्यो मानूस आपल्या फौजंतला न्हाई. आज ह्येला बशीवलं तर उद्या चीनचाबी यील."

लोक हसले. तुम्हीही हसलात. उठलात, एका म्हाताऱ्याला हाताला धरून आपल्या खुर्चीवर बसवलंत आणि मागं लिंबाखाली जाऊन उभे राहिलात. झेंडा वर गेला तेव्हा सलाम केलात. कुणाला वाटलं असेल, झालं, आता येणार नाही हा माणूस. पण तुम्ही दरवर्षी दोन्ही झेंडावंदनांना आलात. गणवेश नाही, साधा पांढरा शर्ट, आणि लिंबाखालची ती जागा.

आणि ह्याच्यावर कडी म्हणजे तो झेंडा तुम्ही बांधायचात! आदल्या दिवशी संध्याकाळी शाळेचा शिपाई यायचा, "दाजी, चला की, झेंडा बांधायचाय." तुम्ही आपल्या बांधावरची झेंडूची फुलं घेऊन जायचात, झेंड्याची घडी करून त्यात पाकळ्या भरायचात, दोरीला गाठ मारायचात. सकाळी नाना एक झटका द्यायचे, झेंडा फडकायचा, पाकळ्या नानांच्या डोक्यावर पडायच्या आणि टाळ्या नानांना. बांधायला दाजी चालायचे, बसायला चालायचे नाहीत. मी हे कुणालाही सांगितलं की लोक म्हणतात, असू द्या हो, दाजींनी कधी मनाला लावून घेतलं नाही. तुम्ही नाही घेतलं. मी घेतलं.

मी सुभेदार होऊन घरी आलो त्या वर्षी मलाही खुर्ची मिळाली, दुसऱ्या नंबरची. बसलो आणि मागं वळून बघितलं तर लिंबाखाली तुम्ही. मी उठलो आणि सगळ्या गावासमोर तुमच्या शेजारी येऊन उभा राहिलो.

"बस जा," तुम्ही म्हणालात. "माझं पाय मजबूत हायत."

"माझंबी हायत," मी म्हणालो.

तेव्हा तुम्ही माझं कोपर धरलंत. असं घट्ट की भटारखान्यातला हात म्हणजे काय ते मला तेव्हा समजलं. हळू आवाजात म्हणालात, "बाळू, तू बसला न्हाईस तर भांडान सुमनच्या अंगनात यील. तू फौजी हाईस, तुला कोन काय म्हनत न्हाई. मी घरजावई हाय." तेवढ्या एका वेळी तुम्ही हसत नव्हता. मला चालवत खुर्चीपाशी आणलंत, बसवलंत, आणि पुन्हा मागं निघून गेलात.

त्यानंतर दरवर्षी मी तुमच्या शब्दाखातर त्या खुर्चीत बसत आलो आणि दरवर्षी तुमच्यावर चरफडत आलो. ग्रामसभेत विषय काढतो म्हटलं तर तुम्ही माझ्याशी बोलणं टाकलंत. गणवेश घाला म्हटलं तर म्हणालात, पोट सुटलंय. मग निदान जाऊ तरी नका म्हटलं. एकदा जत्रेचं मटण तुम्हीच रांधलं होतं, जेवणं उरकली होती, तेव्हा मी तुम्हाला कोपऱ्यात गाठून विचारलं की का जाता तिथं अपमान करून घ्यायला.

"झेंडा वर गेला की मला माझं गाव आटवतं," तुम्ही म्हणालात.

"मग आटवून झालं की घरला या. भाषनं हुईस्तवर का हुबं ऱ्हाता?"

"भाषनाला झोप येती. हुबा असलो की येत न्हाई."

झालं. उडवून लावलंत. तुमचं हे नेहमीचं होतं. दुखलं की विनोद करायचा आणि समोरच्याच्या हाती काही लागू द्यायचं नाही. दाजी, मला तुमचा राग येतो, नानांचा येतो तेवढाच. तुमच्या त्या हसण्यानं नानांचं आयतं फावलं. तुम्ही एकदा, फक्त एकदा, डोळे वटारून बघितलं असतं तर ती खुर्ची तुम्हाला मिळाली असती असं मी म्हणत नाही. पण कुणीतरी नजर तरी चुकवली असती.

मरतानाही तेच. पाऊस यंदा तोंड दाखवून गेला, ऑगस्टातही टँकरच. सकाळी छातीत दुखत होतं तर अक्काला म्हणालात, गॅस झालाय. घरात नर्स आहे, दाजी! तिला गॅस म्हणून गंडवलंत. सोडा पिऊन पाईप धरायला गेलात, शेवटच्या म्हातारीची घागर भरलीत, चार बोटं राखून, आणि मग कट्ट्यावर बसलात ते उठला नाहीत. जीपमध्ये घातलं तेव्हा तुम्हाला बोलता येत नव्हतं. मी मागं तुमचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो. तुम्ही ओठ पुढं करून पुढच्या दाराकडं काहीतरी दाखवत होता, पुन्हा पुन्हा. मला वाटलं पाणी पाहिजे. बघितलं तर अक्काचा पदर दारात अडकून बाहेर रस्त्यावर फरफटत होता. मी तिला सांगितलं, तिनं दार उघडून आत घेतला. मग तुम्ही भुवया उडवल्यात. तेवढंच. सांगली यायची होती अजून.

अंत्यविधीला आमचे चुलते म्हणाले, ह्यांच्याकडचं कोण आहे? कुणी नव्हतं. तुम्हाला मूलबाळ नाही, भावकी समुद्रापलीकडं. माझ्या मुलीनं तुमच्या बहिणीला फोनवर दाखवलं आणि ती म्हातारी तिकडून तुमच्या भाषेत प्रार्थना म्हणत राहिली. एरवी तुम्हाला टेकायला जागा न देणारी आमची माणसं ती संपेपर्यंत हात जोडून उभी होती. गळ्यातला क्रूस काढा म्हणून कुणी पुढं झालं, तर अक्का म्हणाली, "त्यंनी सांगितलंय, तुमच्यात करत्यात तसंच करा, पर ह्यो ऱ्हाऊ द्या." तो राहिला. तुम्हाला उचलायच्या आधी मी तुमचा हात घेऊन कपाळाला लावला. थंड होता. आणि खांद्यावर पाण्याचं मडकं घ्यायची वेळ आली तेव्हा मी ते चार बोटं रिकामं ठेवलं. चुलते म्हणाले, भरून घे. मी म्हणालो, त्यांचं एवढंच असतं.

तिसऱ्या दिवशी राख सावडायला सगळे जमले, आणि आपल्याकडं राखेपाशीसुद्धा भाषण झाल्याशिवाय भागत नाही. पंचायत समितीची निवडणूक तोंडावर आलेली. नानांनी घसा साफ केला आणि सुरू झाले, समुद्रावर शत्रूशी झुंजलेला आपला दाजी, देशासाठी छातीचा कोट केलेला आपला दाजी.

"नाना," मी म्हणालो, "दाजी सैपाकी हुते. दुसऱ्या देशाच्या नौदलात. भात शिजवायचे."

कुणीतरी मागं खुसखुसलं. नाना म्हणाले, "आरं बाळू, मेलेल्या मानसाला मोठं करावं."

"ते मोठंच हुते. तुमी त्यंचा देश का बदलला?"

नाना उत्तर द्यायला तोंड उघडतात तोवर बायकांच्या बाजूनं अक्का उठली. लग्नाच्या गोष्टीपासून ती गावासमोर कधी तोंड उघडून बोलली नव्हती. "नाना," ती म्हणाली, "मानूस जित्ता हुता तवा परका म्हनलासा. आता मेल्यावर आपला झाला. मदी तुमी त्यंना खुर्ची का न्हाई दिलीसा, तेवडं सांगा."

नाना कसलेले गडी. हात जोडून म्हणाले, "ताई, झालं गेलं. औंदा पंधरा आगस्टला पयली खुर्ची दाजींची. फोटू ठिवू, हार घालू. समद्या गावाच्या वतीनं सांगतो." लोकांनी माना डोलावल्या. दोघं-तिघं तर टाळ्या वाजवायला निघाले होते, राखेसमोर.

परत येताना मी शिडी लावून फ्लेक्स उतरवला. कुणी आडवं आलं नाही. अंगणात आणून फाडायला काढला तर अक्का म्हणाली, "फाडू नको. कडबा झाकायला हुईल, पाऊस आला तर." छापलेली बाजू आत करून तिनं तो कडब्याच्या गंजीवर टाकला आणि चारी कोपऱ्यांना दगड ठेवले. त्या बाजूला आता नाना आहेत, युद्धनौका आहे आणि भलत्याच माणसाच्या छातीवरची पदकं आहेत. मग ती चुलीपाशी जाऊन बसली आणि त्या तारेच्या कठड्याला धरून पहिल्यांदा रडली. मला तिच्याजवळ बसवेना. मी बाहेर येऊन गुरांना पाणी दाखवत राहिलो.

दाजी, तुम्ही माझ्या बापाला उचललंत, माझ्या बहिणीला कधी परकं वाटू दिलं नाहीत, माझ्या मुलीच्या लग्नात सगळ्या गावाला तुमच्या मुलखातली आंबट कोंबडी खाऊ घातलीत आणि स्वतः शेवटच्या पंगतीला बसलात. ह्याबद्दल मी तुम्हाला एका शब्दानं काही म्हणालो नाही. आपल्यात म्हणत नाहीत. मेव्हण्यानं दाजीची थट्टा करायची असते, ती मी भरपूर केली. आता म्हणतो तर ऐकायला तुम्ही नाही, ह्याचाही मला रागच येतो.

काल शाळेचा शिपाई येऊन दारात घुटमळत होता. झेंडा बांधायला कोण, म्हणून. गेल्या खेपेला तुम्ही मला बरोबर नेलं होतंत गाठ दाखवायला. मला कशाला शिकवताय, तुम्ही आहात की, असं मी म्हणालो होतो, आणि तुम्ही नुसत्या भुवया उडवल्या होत्या. मी बांधीन म्हणून सांगितलंय त्याला. झेंड्याशी माझं भांडण नाही. बांधावरचा झेंडू यंदा पाण्यावाचून बारका राहिलाय, पण पाकळ्या निघतील.

शिपायानं नानांचा निरोपही आणला होता, खुर्चीवर ठेवायला तुमचा फोटो द्या म्हणून. दिला नाही. तो अक्काच्या चुलीजवळ आहे, आणि त्यात शर्टही तुमचाच आहे. खुर्ची रिकामी राहू दे. गावानं तिच्याकडं तासभर बघावं.

उद्या मी फौजेचा कोट घालून, पदकं लावून पटांगणात जाईन आणि सरळ मागं लिंबाखाली जाऊन उभा राहीन. नाना माईकवरून हाक मारतील, या सुभेदार, बसा. कोपर धरून मला परत नेऊन बसवायला आता तुम्ही नाही. भाषणं संपेपर्यंत मी तिथून हलणार नाही. कुणी विचारलंच तर सांगेन, माझं पाय मजबूत हायत.